डावी मूठ गरम होते

केंडलहून निघाले तेव्हा आकाशाचं काही ठरत नव्हतं.
मोज्यांवर पावाच्या रिकाम्या पिशव्या, त्यावर बूट,
जॅकेटच्या आत छातीशी कालचा पेपर, चौपदरी घडी घालून.
ही सगळी विल्फ बर्किटची शिकवण.
एकोणऐंशीचा म्हातारा, आठवड्यातून तीन दिवस
आमच्या युनिटमध्ये मशीनला जोडलेला.
रक्त बाहेर जाऊन धुऊन परत येईपर्यंत
चार तास मला रस्ते सांगायचा.
गाडी विकताना म्हणाला,
मिसेस के, खोटं नाही बोलणार,
डावी मूठ गरम होते. उजवी नाही.

शॅपवर धुकं.
मेंढ्या आधी ऐकू येतात, मग दिसतात,
मग दिसल्या होत्या का, याचीच खात्री वाटेना.
आंधळ्यानं भिंत चाचपत जावं
तशी रस्त्याची पांढरी रेघ चाचपत गेले.

कार्लाइलनंतर पाऊस.
म्हणजे पाऊस म्हणावं असंही काही नाही,
रिपरिप नाही, भुरभुर नाही, सर तर नाहीच,
हवेलाच घाम फुटलेला.
याला आपल्यात काय म्हणतात
हे आठवत आठवत स्कॉटलंडात शिरले,
आणि बीटॉकच्या चढावर त्याने शब्दाची गरजच ठेवली नाही.
ट्रकच्या चाकांमागे उभं पाणी.
काच बोटानं पुसली की रस्ता पट्टीएवढा,
लगेच तोही नाही.
कॉलरमधून एक थेंब आत आला
आणि एकेक मणका मोजत, घाई न करता, खाली गेला.

ॲबिंग्टनला चहा. चहा नव्हता, पण गरम होता.
हातमोजे पिळले तर काळं पाणी निघालं.
शेजारचा ट्रकवाला खिडकीकडे बघत म्हणाला,
नंतर उघडेल.
मी म्हटलं, उघडेल.
बावीस वर्षं मला वाटत आलंय,
या लोकांना बोलायला दुसरं काही नाही.

पर्थच्या अलीकडे उघडलं की खरंच!
डांबरातून वाफा, दोन्हीकडे पिवळीधमक शेतं,
छातीवरचा पेपर सुकून कुरकुरायला लागला.
मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं काहीतरी गायले,
चाल चुकली, कुणाला कळणार?

मे महिना आहे, हे ड्रमॉक्टरच्या घाटाला
कुणी सांगितलं नसावं.
आधी वारा. गाडी सरळ चालवायची तर तिरकी धरावी लागते.
मग गारा,
मूठ मूठ ज्वारी कुणी डोक्यावर मारून फेकावी तशा.
उजवा हात माझा राहिला नाही.
ब्रेक लागायचा, पण मी लावला असं वाटायचं नाही.
कडेला थांबले, आणि उजवा पंजा
डाव्या मुठीवर ठेवून उभी राहिले,
स्वतःशीच हस्तांदोलन केल्यासारखी.

मंगळवार. म्हणजे तो आत्ता मशीनवर.
मॅरिसेलनं फोन त्याच्या कानाशी धरला.
गाडीचं त्यानं विचारलंच नाही.
वारा कुठून?
पश्चिमेकडून. जरा उत्तरेला.
बर्फ?
वरच्या घळींत. खडूनं ओढल्यासारखा.
आणि ढग, रेल्वेच्या बाजूचे, कसे आहेत?
सांगितलं. जमेल तसं सगळं सांगितलं.
तो गप्प. मागे मशीनची बारीक शिट्टी.
मग म्हणाला, हं. तासाभरात उघडेल.

फोन ठेवला आणि देवरुखच्या मावशीची आठवण आली,
कधीही फोन करा, रात्री अकराला करा,
पहिला प्रश्न: जेवलीस का?

तासाभरात काही उघडलं नाही.
इनव्हर्नेसपर्यंत भिजत गेले,
प्रत्येक सिग्नलला उजवा हात डावीकडे नेत.

गुरुवारी त्याच्या दंडात सुई घालताना तो विचारेल.
उघडलं होतं, विल्फ.
अगदी तासाच्या आत.