शंभर आणि सत्तरच्या मधे

शंभर पावलांना माझ्याकडे काठी आहे.
सत्तरलाही आहे.
पंच्याऐंशीला काही नाही.

आणि सातव्या खड्ड्याशी मी दर वेळी तिथेच येऊन पडते,
मोहाच्या झाडाच्या अलीकडे.
पुढे खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगर,
त्याच्या पायाशी ती गोल जागा, जिला वसाहतीत सगळे ग्रीन म्हणतात
आणि जी जळक्या तेलात कालवलेली वाळू आहे.
पिचिंग मारायची तर हात आखडून;
आखडलेला हात खोटं बोलतो.
सँड वेज मारायची तर जीव खाऊन,
मग ती वर जाते, फार वर, घारीला काहीतरी विचारून येते
आणि पंधरा पावलं अलीकडे बसते.

संच दिला बदली झालेल्या मॅनेजरच्या बायकोनं,
वर्षभर मी तिच्या गुडघ्याला पट्टी बांधली म्हणून.
वणीच्या पुढे असं काही मिळतं कुठे.

अंतराचं मला कळतं. सहा तासांनी एक गोळी, सहा तासांनी एक,
मधे नऊ तास गेले की ताप डोकं काढतो.
कोनाचंही कळतं: कातडीखाली पंचेचाळीस, स्नायूत सरळ नव्वद.
म्हणून रविवारी दवाखाना बंद करून
भाचीचं कोनमापक घेतलं, गवंड्याचा ओळंबा मागून आणला.
पिचिंगवर नुसतं पी. निघाली चव्वेचाळीस.
सँडवर छप्पन लिहिलेलं, निघाली छप्पन. प्रामाणिक बाई.
मधे बारा अंशांचं रान.

नागपूरहून मावसभावानं एसटीच्या ड्रायव्हरकडे एक जुनी पाठवली,
पोत्यात गुंडाळून: चौपन्न, गंजकी, साडेसहाशे रुपये.
मला पन्नास हवी होती.

गुणवंता खात्याकडे नेली. भात्यापाशी वखराच्या पासा उभ्या.
त्यानं तळावरून अंगठा फिरवला.
"हे बुड असं फुगलं कायले हाय, सिस्टर?"
म्हटलं, बाउन्स म्हणतात. जमिनीत घुसू नये म्हणून.
"मंग सांगा ना तसं. पास लई नाक खुपसते तं बैल उभा रायते.
लई उताणी असली तं तण हासते."
आणि थोड्या वेळानं,
"तोंड चार अंश उभं करून देतो,
पर बुडही चारनं बसंन. फुकट नाई भेटत."

बाराचे आठ.
वैशाखात आठ बेस. तेव्हा ही जमीन तव्यासारखी,
फुगीर बुड टप्पा खातं, चेंडूच्या पोटात बसतं
आणि चेंडू धामणीसारखा सरपटत सुटतो.
पण भाद्रपदात हीच काळी माती चपलेसकट पाय मागते.
"दोन ठेवा मंग. आमी नाई का ठेवत?"
दोन परवडत नव्हत्या.
वाकव, म्हटलं. भाद्रपदात मी पातं उघडं धरीन.

भट्टीत नाही, थंडच, शेगड्यात मान धरून.
दुसऱ्या हिसक्याला लोखंड करकरलं. दोघांनी श्वास धरला.
तिसरा.
कोनमापक म्हणालं, एकावन्न.
"अजून एक देऊ? तुटली तं बोलू नका."
राहू दिली.

पावलं मोजायला नेहमीचा चेतन आत्राम.
चेंडू सुरेख गेला, ना घारीकडे, ना धुळीत.
चेतन मोजत गेला, उभा राहिला, तिथूनच ओरडला,
"शहात्तर!"
शहात्तर कशी? पुन्हा मारली. सत्त्याहत्तर.
साडेसहाशे रुपये, एक रविवार, गुणवंताचा श्वास.

तो परत येत होता, लांब लांब टांगा टाकत,
पँट घोट्याच्या चार बोटं वर.
सातवीत होता तो, जेव्हा आम्ही शंभर मोजले होते.

तीन वाजता सुरुंगाचा भोंगा झाला, जमीन हलकीशी हलली,
वाळूवरचं तेल थरथरलं.
मी पिचिंग काढली.
"पुन्हा?" तो म्हणाला.
पुन्हा. शंभरापासून.