झारीव्ह

नळ गळत होता. फोनवर ग्वेनाएल म्हणाला, झारीव्ह.
हेस्टरनं दोन कप काढले, किटली ठेवली.
ग्रिम्सबीच्या शाळेत घोकून घेतलं होतं,
आरिव्हे म्हणजे पोचणे.
तो पोचला गुरुवारी.

कांकालच्या धक्क्यावर, कालवांच्या शेडमध्ये
तिचा सुरा फटीतच अडकून राहायचा.
शेजारी सोलेन, न बघता, डझन उघडून मोकळी.
"म्हण, झ् नी आरीव्ह पा."
मी तिथे पोचत नाही?
"कुठे जायचंय तुला? येत नाही म्हणायचं.
हाताला येत नाही अजून."

वहीत एकाच शब्दापुढे
तीन खाडाखोडी, वर कालवाच्या पाण्याचा डाग.

नोव्हेंबरात, भरतीबरोबर,
सोलेनच्या भावाची होडी आली.
भाऊ नव्हता तिच्यात.
टोप्या हातात घेऊन माणसं उभी राहिली.
कुणी म्हातारा, पाण्याकडे बघत, सा आरीव्ह म्हणाला.
येते अशी वेळ.
हेस्टरचा हात खिशातल्या वहीकडे गेला
आणि तिथेच राहिला.

त्या आठवड्यात, पहाटे चारला, दारावर थाप.
सोलेनला झोप येत नसणार.
हेस्टर अजून पांघरुणात,
चष्मा सापडेना, एक मोजा तर नाहीच,
दिवाही लावायचा होता.
उशीवरूनच ओरडली,
झारीव्ह!

थाप थांबली.
बाहेर पायरीवर
कुणीतरी बसल्याचा आवाज आला.