दर चार तासांनी

पहाटे तीनचा गजर.
ओतारूच्या बंदरावर बर्फ पडतोय.
मोरिशिगे उठतो, गुडघे धरून.
किनाको झोळीत, डोळे उघडे,
पण कुठेच न बघणारे.
मागचे पाय ओल्या दोरीसारखे.

बोटावर मधाचा ठिपका,
फक्त हिरडीला, दातांपासून जपून.
घड्याळ फार मोठ्यांदा चालतं.
मग जीभ. एकदा.
परत.
आणि लगेच कोंबडीचा मऊ खिमा,
नुसत्या गोडाने साखर चढते, तशीच कोसळते.

गाठ मुगाएवढी, स्वादुपिंडात.
फुमिएच्या गोळ्यांच्या वेळा
त्याला कधीच ठाऊक नव्हत्या.
आता फ्रिजवर तक्ता आहे,
एकही चौकट कोरी नाही.

साडेतीन. किनाको त्याचा मोजा
फरफटत पलंगाखाली नेते.
चोरी झाली.
बरं झालं.