नळ येईपर्यंत

अंगद जाऊन तीन महिने झाले.
त्याचा फोन मी अजून चार्ज करते.
आईला वाटतं, फोटोंसाठी.

नव्या मोंढ्यामागच्या दुकानात तो
जळालेल्या मोटारी उघडायचा,
काळी पडलेली तार उपसून नवी भरायचा,
एकेक वेढा मोजत.
मध्ये कुणी बोललं की आकडा चुकायचा,
म्हणून त्याच्याशी कुणी बोलायचं नाही.
तीच सवय घरीही लागली आम्हाला.

रात्री दोनला फोन थरथरतो.
पडद्यावर माणसाचं नाव नसतं.
‘किनवट दोन वाजता.’
‘उमरगा, हसतो फार.’
‘गंगाखेड मास्तरीण, रडत नाही.’
यातला एकही चेहरा त्यानं पाहिलेला नव्हता.

तीन रात्री मी उचलला नाही.
चौथ्या रात्री उचलला.
“अंगदभाऊ, आज लई जड जायलंय.”
बाईचा आवाज, तोंडात पदर धरल्यासारखा.
“तुम्ही म्हणला होता, नळ येईस्तोवर थांब.
थांबले. आला. हंडे भरले.
आता पुढं काय?”

जालन्यात नळ येतो दहाव्या, बाराव्या दिवशी.
आम्ही शिव्या घालतो.
माझा भाऊ त्याचंच कॅलेंडर करून
परक्या माणसांना वाटत बसला होता :
तुमच्याकडं कधी येतं पाणी? सोमवारी?
मग सोमवारपर्यंत. सोमवारी परत बोलू.

आणि स्वतःला?
त्या आठवड्यात आमच्या गल्लीची पाइपलाइन फुटली होती.
एवढंच मला माहीत आहे.
याचा अर्थ लावू नका.
मीही लावत नाही, दिवसा.

तिला मी खरं ते सांगितलं.
बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, “कामून?”
पोलिसांनी हेच विचारलं होतं, मावशीनं,
दहाव्याला आलेल्या झाडून सगळ्यांनी.
पण तिनं विचारलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं,
विचारणारीला उत्तर ठाऊक आहे.

नंतर कुणी काही बोललं नाही,
कुणी ठेवलाही नाही.
तिच्याकडं एक कुत्रं भुंकत होतं,
माझ्याकडं आई कूस बदलत होती.

साडेतीनला मोरीतला नळ खोकला.
आधी नुसती हवा येते,
मग गढूळ, मग काहीच नाही,
आता गेलंच असं वाटतं,
मग धार.
“आला का?”
“हाव. बादली लावते. ठेवू नको.”

फोन कोनाड्यात उभा केला आणि भरत राहिले
पिंप, कळशी, पातेली,
अंगदचा जेवणाचा डबासुद्धा.
कोनाड्यातून ती सांगत होती,
पहिलं गढूळ पाणी फेकू नका,
बाजूला ठेवा, सकाळपर्यंत बसतं खाली.

“तुमचं नाव काय लिहू?” तिनं विचारलं.
पिंप भरून वाहायला लागलं होतं,
पाय भिजले होते.

जालना, मी म्हणाले.
साडेतीन.