किलोमागे तीन रुपये

निकाल लागला तेव्हा अर्जुनीच्या सेवा केंद्रात
प्रिंटरची शाई संपत आली होती.
माझं नाव पुसट आलं, नाकाडे डिंपल ताराचंद.
पर्सेंटाइल मात्र ठळक :
एकतीस पॉइंट शून्य आठ.
पोरगा म्हणाला, "दहा रुपये."
दिले.

पेपर गोंदियाला होता, नर्सिंगचा, इंग्रजीत.
शाळेत मी ज्याला वायुकोश म्हणत आले
तो अल्व्हिओलाय नावानं समोर येऊन बसला
आणि मी ओळखच दाखवली नाही.
आठवलं बाहेर आल्यावर,
सायकल स्टँडजवळ बाबा डबा घेऊन उभे होते तेव्हा.

मग गावात सगळेच शहाणे झाले.
मामा म्हणाले, "पऱ्हे सडले तर पुन्हा टाकतोच ना आपण?"
सरांनी कोळ्याची गोष्ट सांगितली, पडतो, चढतो.
सुमित्राकाकू आईला म्हणाली,
"कायले पायजे व नर्सबाई? रातच्या ड्युट्या.
नवेगावचा पोट्टा हाय एक, मोबाइलचं दुकान हाय त्याचं."
मला धान व्हायचं नव्हतं, कोळी तर नाहीच.
मला झोपायचं होतं.
आई शाळेत खिचडी शिजवून परत यायची,
मी त्याच कुशीवर.
बाबा राईस मिलमधून यायचे, भुवयांवर कोंडा,
दारातूनच विचारायचे, "जेवली का?"
अकरा दिवस, एवढंच.

बाराव्या दिवशी पुस्तकं विकली.
बाबुलाल रद्दीवाला. बारा रुपये किलो,
वह्यांनाही तोच भाव.
नऊ किलो भरलं.
माझी दोन वर्षं, एकशे आठ रुपये.
अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर!
हसू आलं, निकालानंतर पहिल्यांदा,
आणि त्या हसण्याचाच राग आला.

पुढच्या आठवड्यात बसस्टँडवर आलूबोंडा घेतला.
कागद ओळखीचा वाटला, मग अक्षर.
तेल पसरत गेलं तसा कागद आरपार दिसू लागला,
पुढच्या पानावरचं फुप्फुस, मागच्या पानावरचं हृदय
एकाआड एक,
छातीत असतात तसे.
कोपऱ्यात लाल पेनानं मीच लिहिलेलं :
वायुकोश म्हणजे अल्व्हिओलाय. विसरू नको, गधे.

एसटी आली, गेली.
बाबुलाल म्हणाला, "निम्म्या त चनेवाल्यानं नेल्या.
राह्यल्या त्या घेऊन जा. पंधरा रुपये किलो."
"बारानं दिल्या होत्या मी!"
"तो घ्याचा भाव व पोरी. हा इकाचा."
मी भांडले.
इतकी, की शेजारचा न्हावी
साबण लावलेलं गिऱ्हाईक सोडून बाहेर आला.
किती दिवसांत माझ्या तोंडून एवढे शब्द निघाले नव्हते.
बाबुलाल पंधरावरून हलला नाही.

घरी बाबांनी पिशवी उचलून पाहिली.
मिलमधला माणूस, हातच काटा त्यांचा.
"चार किलो दोनशे?"
"अडीचशे."
"कमी झाले."
"हो."
कितीला आणले ते विचारलं नाही.
खाट ओढून बल्बखाली लावली
आणि हातपाय धुवायला गेले.

रसायनशास्त्र आता साठाव्या पानापासून सुरू होतं,
भौतिकशास्त्राला शेवट नाही.
तेलकट पानावर आईनं चिमूटभर पीठ भुरभुरलं,
ओढून घेतं म्हणाली.
फारसं ओढलं नाही.
वहीच्या पहिल्या पानात तसंच ठेवलंय.
रात्री त्याला मुंग्या लागतात.
फुंकर मारते, हटत नाहीत,
मग फिरू देते त्यांना हृदयावरून
आणि त्यांच्यासकट वाचते.