वालाची उडी

फोन आत्ता नेदरलँड्समध्ये आहे,
मी शारजात, रोला चौकाच्या मागे,
प्लायवुडच्या पार्टिशनमध्ये, खालच्या बंकवर.
पलीकडे इक्बाल पावसकर घोरतोय. चांगला माणूस.
फणसाची भाजी केली की माझी वाटी झाकून ठेवतो
आणि विचारतो, तुझ्या लग्नाचं काय झालं रे?

पडद्यावर चौकोन, चौकोनात छात्या,
बिनडोक्याच्या, शब्दशः.
एकशे ऐंशी मीटर. सातशे मीटर. दोन किलोमीटर.
हाय. हाय. जागा आहे?
नाही. तुझ्याकडे?
नाही.
एकेका खोलीत आठ-आठ जण राहतो आम्ही
आणि जागा कुणाकडेच नाही.

'स्वतःबद्दल लिहा' अशी एक चौकट असते.
सहा वर्षं तिच्यात वय, उंची, वजन.
वजन तेवढं खोटं.

पगार उशिरा झाला त्या महिन्यात, एका रात्री,
मराठीतच लिहून टाकलं. कोण वाचणार आहे!
'वालाची उसळ बरी करतो.
डाळिंब्या सोलताना सहसा मोडत नाहीत.
झोपेत बोलतो असं शेजारचा म्हणतो,
काय बोलतो ते तो सांगत नाही.
कुणीतरी मला पूर्ण नावाने हाक मारावी.'
आणि छातीच्या जागी हातांचा फोटो लावला,
मासळीबाजारात सुरमई धरलेल्या.

तीन दिवस काही नाही.
मग चारशे दहा मीटरवरून एक निरोप:
'मशीनकडून वाचून घेतलं.
तुझ्या वालांची उडी चांगली असते म्हणे.
किती उंच मारतात?'

उशीत तोंड खुपसून हसलो.
बंक हलला. पलीकडून इक्बाल,
काय रे, घरचा फोन?
हो, म्हणालो.
खोटं बोललो असं काही वाटलं नाही.

शिनोज. कन्नूरचा. औषधाच्या दुकानात रात्रपाळी.
दाढीत पांढरं, आणि ते लपवायचा कंटाळा.
भेटलो त्याच्या गाडीत, अल खानच्या किनाऱ्याशी,
काचा वर, एसी दोनवर,
मध्ये माझा डबा.
पहिला घास घेतला आणि म्हणाला, नारळ कमी आहे.
पोलिसांची गाडी हळू जवळून गेली
तेव्हा आम्ही ताबडतोब
दोन दमलेले कामगार झालो.
तसे होतोच.

मग त्याने डबा बाजूला सरकवला.
नाव सांग. पूर्ण.
श्रीरंग झगडे.
श्रीरंग त्याला सहज जमलं,
झगड्यांचा तो दातांतून निसटणारा झ काही जमेना.
जगडे. सगडे. पुन्हा जगडे.
चौथ्यांदा अगदी बरोबर म्हणाला
आणि मला वाटलं,
अजून थोडा वेळ चुकायला हवा होता.

तेवढ्यात आई.
जेवलास?
'आम्ही जेवलो.'
गेलं तोंडातून.
इतकी वर्षं दर फोनला जपून वापरलेला 'मी',
आणि एका उसळीवर असा.

आम्ही म्हणजे किती जण?

'दोघं' म्हटलं असतं तर तिला सून ऐकू आली असती,
ओटीच्या नारळापर्यंत पोचली असती ती तिथल्या तिथे.
'दोघे,' मी म्हणालो.
टिंब नाही, मात्रा.
बाई तिसरी शिकलेली,
पण कुणाची गाय, कुणाचा बैल,
हे तिला अंधारातही पावलांवरून कळतं.

फोनमध्ये मागे कुत्रं भुंकत होतं, आमच्याच आळीतलं.
इकडे शिनोज डब्याचं झाकण लावत होता,
आवाज होऊ नये म्हणून
एकेक कडा दाबून, अंगठ्याने.

तिला काय कळलं, मला माहीत नाही.
बऱ्याच वेळाने म्हणाली,

जेवलात ना नीट?