शनिवारच्या खुर्च्या

चॅपलच्या दारामागच्या कागदावर
शुक्रवारपुढे सात नावं होती,
रविवारपुढे अकरा, शिवाय फुलांसाठी दोन.
शनिवारपुढे नुसतंच: खुर्च्या.
मी माझं नाव लिहिलं.
पेन उठेना, म्हणून दोनदा गिरवलं.

ग्रिम्स्बीत एप्रिलला थंडीची सवय सुटलेली नसते.
गोदीकडून माशांचा वास येतो,
आणि ओलीनं फुगलेलं दार
खांदा लावल्याशिवाय हलत नाही.
आत ग्लेनिस, वय चौऱ्याऐंशी,
पितळेचा क्रूस जुन्या बनियननं घासत बसलेली.
बनियन केनचं. केन आता होममध्ये असतो,
तिला सिस्टर म्हणतो,
चहा दिला की परक्यासारखे आभार मानतो.

"बॉयलर गेला," ती म्हणाली,
कुणी वारल्याचं सांगावं तसं.
"माणूस सोमवारी येतोय."
मी बोटांवर मोजलं. आज, उद्या, परवा.
"म्हणजे तिसऱ्या दिवशी," मी म्हणाले.
ती इतकी हसली की तिला खोकला आला.

संगमनेरला, लहानपणी,
शुक्रवारी आईचं पांढरं लुगडं आणि तीन तासांची उपासना,
रविवारी अंधारात उठून दफनभूमीत मेणबत्त्या.
मधल्या दिवशी फक्त कपड्यांना खळ.
शुभवर्तमानही या दिवशी जवळजवळ गप्प:
बायका नियमाप्रमाणे स्वस्थ राहिल्या, एवढंच.
स्वस्थ!
सुगंधी द्रव्यं कुटून तयार, आणि घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

आता माझं बरंचसं आयुष्य
याच वारात जातं.
बायोप्सी झाली, रिपोर्ट यायचाय.
मुलाला मेसेज गेलाय,
दोन निळ्या खुणा आहेत, उत्तर नाही.
प्रार्थना करते तेव्हाही
वर कुणी उचललाय की नुसताच वाजतोय
ते कळत नाही. ठेवत मात्र नाही मी.

खुर्च्या उलगडताना एक प्रश्न
डोक्यातून जाईना:
त्या शनिवारी पेत्राला कुणी जेवायला घातलं?
नाकारून झालं, रडून झालं,
तरी माणसाला दुपारी भूक लागतेच.
चूल पेटवायची नाही, शब्बाथ.
आदल्या दिवशीची भाकर कुणीतरी
काही न बोलता त्याच्यापुढे सरकवली असणार.
तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही.
उद्या काय आहे, तिलाही ठाऊक नव्हतं.
तरी उरलेला तुकडा
तिनं झाकून ठेवला असेल.
माझा विश्वास सध्या तेवढाच आहे,
झाकलेल्या तुकड्याएवढा.

"किती मांडू?"
"साठ."
"ग्लेनिस, येतात बावीस."
"साठ," ती क्रूसाकडे बघतच म्हणाली.
मग मी साठ मांडल्या.
एकोणचाळिसावी डुगडुगत होती,
तिच्या पायाखाली जुन्या पत्रिकेची घडी घातली.

निघताना दार ओढायला लागले
तर तिनं हात धरला.
"राहू दे फटीएवढं उघडं.
उद्या पहाटे मीच पहिली येते,
आणि हे लोटायला
माझ्या खांद्यात आता जोर नाही."
"कुणी चोरी केली तर?"
तिनं आत पाहिलं.
"काय नेतील? खुर्च्या?"

आम्ही बसस्टॉपवर गेलो.
नऊ नंबरची बस उशिरा होती.
तिनं पिशवीतून अर्धा बन काढला,
मला दिला.